खुर्चीतला पाठमोरा

१० एप्रिल १८२१, सेंट हेलेना

जहाजाच्या पोटातली तीन महिन्यांची कुबट हवा एकदाची सुटली! लाँगवुडच्या पठारावर वारा असा, की टोपी दोन्ही हातांनी धरावी लागते. मला कोपऱ्यातली दोन खिडक्यांची खोली मिळाली आहे. जेवायला ताजा मासा होता. धोबीण डॉर्कस याच बेटावरची. माझा इंग्रजी फौजेचा लाल कोट पंधरवड्यात बुरशीने हिरवा होईल, असं तिने हसत बजावलं. काम एकच. पदच्युत फ्रेंच बादशहा घरात आहे हे रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि वहीत ‘पाहिला’ लिहायचं. ‘बादशहा’ मात्र लिहायचं नाही; ‘जनरल’.

१४ एप्रिल

चार दिवसांत जनरल दिसलाच नाही. आजारी आहे, पडदे ओढून असतो. कैदी दिसला नाही म्हणून माझ्या आधीच्या अधिकाऱ्याची उचलबांगडी झाली होती. जनरलचा खिदमतगार फिर्मँ याची मी अक्षरशः विनवणी केली. तो नुसता खांदे उडवून गेला. पण दुपारी चारला बागेतून पाहिलं, तर पडदा वीतभर सरकलेला आणि आत खुर्चीत एक पाठमोरा माणूस. फिर्मँला दया आली असावी. ‘पाहिला’ लिहून मोकळा झालो.

२३ एप्रिल

रोज चारला पडदा सरकतो. माणूस रोज किंचित माझ्याकडे वळलेला असतो. आज फिर्मँचे आभार मानले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

“पडद्याला मी हात लावलेला नाही, साहेब. आणि महाराज महिनाभर पलंगावरून उठलेले नाहीत.”

खुर्चीवर म्हणे औषधांचं तबक असतं.

आजही ‘पाहिला’ लिहिलं.

२९ एप्रिल

खरं सांगायला गव्हर्नरसाहेबांकडे निघालो. अर्ध्या वाटेवरून परतलो. इतक्या दिवसांच्या खोट्या नोंदी. खटलाच भरतील माझ्यावर.

आज खुर्चीतल्याचा कान दिसला.

५ मे

संध्याकाळी सहाच्या आत जनरल गेला. मला आत बोलावलं. पहिल्यांदाच पाहिलं त्याला. वाळलेला, लहान हातांचा. खुर्चीतला तो हा नव्हे.

फिर्मँ रडत सांगत होता. गेले कित्येक दिवस महाराज खुर्चीकडे बोट करून त्या माणसाला घालवा म्हणत होते, आणि घरातल्या कुणालाच तिथे कुणी दिसत नव्हतं. मी सांगायला हवं होतं. मी वहीत फक्त वेळ लिहिली.

९ मे

दरीत पुरलं. दगडावर नावही नाही. परत आल्यावर त्याच्या खिडकीतून डोकावलो. खुर्ची रिकामी. किती हलकं वाटलं —

डॉर्कस कपडे न्यायला आली. म्हणाली, “तुमच्या खोलीत बसलेल्या पाहुण्यांचेही धुवायचे असतील तर आत्ताच द्या, साहेब.”

१२ मे

पोटात कळ. पाणीही टिकत नाही. डॉर्कस आत येत नाही आता, ताट उंबऱ्यावर ठेवून जाते. तिच्याशी बोललो तर माझ्या पाठीमागे बघत पळते.

माझ्या खुर्चीत त्याचा गाल दिसतो. दाढी नाही. कातडी ओली.

१४ मे

उठवत नाही. चार वाजले. खुर्ची करकरली —

उभा आहे. पलंगाशी. मी लिहितोय ते वाकून वाच —

त्याची बोटं गार. लेखणी माझ्या हातातून तो