सभेत ठेवलेला प्रश्न

प्रिय मास्तर,

तुला अजून 'तू'च म्हणते. वसाहतीत सगळ्यांनी सगळ्यांना तू म्हणायचं असा ठराव झाला होता आणि तो रद्द व्हायच्या आतच वसाहत मोडली.

तुझं पत्र आल्यापासून कामात लक्ष लागत नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तू लिहितोस, पुन्हा जमीन मिळाली, पुन्हा सगळं सगळ्यांचं, आणि शिवणघर सांभाळायला सगळ्यांना मी हवी! मधली वर्षं गेलीच नाहीत जशी.

मी काही विसरलेले नाही. लांब टेबलावर डॉक्टर आणि गवंडी एकाच पातेल्यातलं वाढून घ्यायचे. मी शिवलेले चांगले कपडे पहिल्यांदा माझ्याही अंगावर आले ते तिथेच. ते सुख खोटं नव्हतं, म्हणून तर जीव असा वरखाली होतोय. पुढे छप्पर गळायला लागलं. पत्रा की कौलं यावर सभांमागून सभा झाल्या आणि तोवर धान्य भिजलं. डॉक्टरने खोलीला कुलूप लावलं, त्याचं बघून बाकीच्यांनी. शेवटी स्वयंपाकी निघून गेला आणि चुली थंडावल्या. हे त्यानेच मला बाजारात सांगितलं. एक ना धड, भाराभर चिंध्या!

मी मात्र कुलपांच्या आधीच निघाले होते. तुझ्या पत्रात त्याचा शब्दही नाही. विहिरीपाशी मी तुला विचारलं होतं, माझ्याशी लग्न करशील का. तू म्हणालास, "सभेत ठेवू." मला थट्टा वाटली. संध्याकाळच्या सभेत गोठ्याच्या दुरुस्तीच्या विषयानंतर तू खरंच ठेवलंस. सगळ्यांनी हात वर केले, टाळ्या वाजवल्या. तू हात मोजत होतास. तुझा वर नव्हता. अध्यक्षाला मत नसतं म्हणे. सकाळी मी बोचकं बांधलं. सगळ्यांना वाटलं, शिंपिणीचं डोकं फिरलं. तुलाही तेच वाटलं असेल. फार लागलं रे मला ते.

आता ऐक. मशीन गाडीत चढवायला मला वेळ लागणार नाही. छप्पर गळो, धान्य भिजो, मी येईन. सगळ्यांना मी हवी आहे, हे कळलं. तुला हवी आहे का, तेवढं विचारायला हे पत्र. उत्तर कुणाला न दाखवता लिही. आणि नको असेन, तर तेही तुझं तूच सांग.

अजून तरी तुझीच,
शिंपीण