रेडियमची सातवी सुई

१४ ऑगस्ट १९३७, गोंदिया
मोठी बहीण, मोठीबाई, आली. सालेकशाहून, सकाळच्या पॅसेंजरने, भाटव्यांसोबत, म्हणजे तिच्या नवऱ्यासोबत. स्टेशनवर पदराने तोंड झाकून उभी होती. घरी आल्यावर पदर काढला. डाव्या गालाच्या आतला घाव आता बाहेरूनही फुगलेला दिसतो. सौ.ने पेज दिली, तीही एका बाजूने प्याली. भाटवे म्हणाले, "झाडपाला झाला, झाडफूक झाली. आता तूच पाह्य मास्तर." धानाचं रोवणं अर्धं राहिलंय म्हणून दुपारच्या गाडीने परत.
मी काय पाहणार? मी शाळेत विज्ञान शिकवतो, वैद्यकी नाही. पण आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. दुसऱ्या कोणाकडे जाईल?

१६ ऑगस्ट
दवाखाना. डॉ. बाईंनी गालात बोट घालून पाहिलं. मो.बाईने डोळे मिटून तोंड उघडं धरलं. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाल्या, "कॅन्सर आहे. कापायचं म्हटलं तर अर्धा जबडा जाईल. रेडियम लावून बघू. कलकत्त्याहून सुया मागवते, आठवडाभर ठेवायला."
रेडियम! दरसाल वर्गात एक तास त्यावर बोलतो. डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही.
मो.बाईने तंबाखू सोडली. चंची मात्र सोडली नाही. रिकामी चंची कमरेला तशीच खोचलेली.

२० ऑगस्ट
मॅट्रिकचा वर्ग. पुस्तकात अजून छापलंय, परमाणू अविभाज्य आहे. मी म्हणालो, ते वाक्य खोडा. आत प्रोटॉन आहेत, न्यूट्रॉन आहेत, बाहेर इलेक्ट्रॉन फिरतात. आणि रेडियमचा परमाणू तर कोणी हात न लावता आपला आपण फुटतो. आता या क्षणी कोणता फुटेल ते कोणालाच सांगता येत नाही. ढिगाचा अंदाज सांगता येतो, एकाचा नाही.
मागच्या बाकावरून, "सर, पण तो फुटते कायले?"
"स्वभाव," म्हणालो. पोरं हसली.

२४ ऑगस्ट
सुया आल्या. शिशाच्या जाड डबीत, सात. गोधडी शिवायच्या सुईपेक्षा आखूड, करड्या. काही चमकत नाही, काही नाही. डॉ. बाईंनी लांब चिमट्याने एकेक उचलून गालात बसवली. प्रत्येकीला रेशमी दोरा, दोऱ्यांची टोकं गालावर पट्टीखाली. मो.बाईने माझा हात इतका दाबला की अजून दुखतो.
मला सांगितलं, "जवळ फार बसायचं नाही. दिसून जा."
रात्रपाळीला सुकवारो आहे. वॉर्ड झाडते, पिकदाणी धुते. छत्तीसगडची बाई, नवरा स्टेशनवर हमाल. मो.बाईचं डोकं धरून तीच चमच्याने पाणी पाजते.

२५ ऑगस्ट
मो.बाईने विचारलं, बोलताना लाळ गळत होती, "काय आहे रे नाम्या या सुईत?"
मी सांगितलं. वर्गात सांगतो तसंच. सुईत रेडियम आहे, त्याचे कण सारखे फुटत असतात, फुटताना किरण निघतात, ते किरण रोग मारतात.
"फुटून राहिले? माह्या गालात?"
"हो, पण इतके बारीक की..."
"थांबते कधी?"
"थांबत नाही बाई. सोळाशे वर्षांनीसुद्धा निम्मं शिल्लक राहतं."
मला वाटलं, ऐकून तिला बळ येईल. एवढं जबर औषध! ती भिंतीकडे तोंड करून निजली.

२९ ऑगस्ट
दोन दिवस बोलत नाही. ताप. खाल्लेलं राहत नाही. सुकवारो म्हणाली, "दीदी रातभर बैठी रहती है, मास्टरजी. सोती नहीं." डॉ. बाई म्हणतात, असं होतं, चालायचंच. मग मीही म्हटलं, चालायचंच.

३१ ऑगस्ट
सुया काढल्या. सहाच निघाल्या. सातवा दोरा पट्टीखाली होता, सुई नाही. तुटलेला. डॉ. बाईंचा चेहरा पांढरा पडला. गाल चाचपला, तोंड तपासलं, गादी उसवली, बादल्या पाहिल्या. काही नाही. मो.बाई नुसती मान हलवते. "मले नाही मालूम."

१ सप्टेंबर
सुकवारोवर आळ आला. पिकदाणी तीच नेते, पट्ट्या तीच जाळते. दवाखान्याच्या कारकुनाने पोलीस बोलावले. तिच्या झोपडीतलं गाडगं न् गाडगं उपडं केलं. नवऱ्याला ठाण्यावर नेऊन बसवलं. ती फाटकाशी उभी होती, मला पाहून म्हणाली, "आप तो पढ़े-लिखे हो. मैं उस सुई का क्या करूँगी?"
मी घड्याळ पाहिलं आणि शाळेकडे निघालो.
सौ. म्हणते, "पडली असेल नालीत." पडली असेल तर अजून तिथं किरण सोडत असेल. कोणाला सापडली, कोणी खिशात घातली, पोराने उचलली, तर? पैशाचं राहू दे. माणूस जळेल आणि त्याला कळणारही नाही, कशाने जळला.

२ सप्टेंबर
डॉ. बाईंनी शाळेत निरोप पाठवला. कलकत्त्याला तार केली तर तिथून उत्तर आलं, विद्युद्दर्शक मिळवा आणि त्याने शोधा. शाळेत एक आहे. काचेची बरणी, आत दांडी, दांडीला सोन्याची दोन पानं. विजेचा भार दिला की पानं फाकतात. जवळ रेडियम असेल तर त्याचे किरण हवेतल्या कणांचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात, भार त्या हवेवाटे निघून जातो, पानं मिटतात. डॉ. बाई म्हणाल्या, "एवढंच? मग आजच करा."
आजच कसं? एक पान फाटलेलं. वैद्याकडून सोन्याचा वर्ख आणला. बोटाला चिकटतो, श्वास सोडला तरी उडतो. तीनदा फुकट गेला.

३ सप्टेंबर
पाऊस, सर्द हवा. पानं फाकतात आणि लगेच आपोआप मिटतात, रेडियम असो वा नसो. बुचातूनच भार गळतो. लाखेच्या कारखान्यातून चपडी लाख आणली, वितळवून दांडीभोवती ओतली. बरणी शेगडीवर शेकली. आता पानं टिकली. सौ. म्हणाली, "बाळंतिणीसारखं शेकून राहिले." बऱ्याच दिवसांनी हसलो.
संध्याकाळपर्यंत राखेचा खड्डा, नाली, उकिरडा. मजूर वरची राख सारतोय, मी गुडघ्यावर, वर छत्री. पानं जशीच्या तशी. कुठंच नाही.

४ सप्टेंबर. पोळा
शाळेला सुटी. गावात बैल सजलेत, मी बरणी घेऊन वॉर्डात.
मो.बाईच्या खाटेजवळच्या टेबलावर ठेवली, भार दिला. पानं मिटली. वाटलं, बरणी सर्दावली. बाहेर नेऊन शेकली, व्हरांड्यात भार दिला, ठीक. आत आणली, मिटली. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. दुसऱ्या टोकाच्या खाटेशी नेली तर बराच वेळ टिकली. मला यंत्राचाच राग आलेला. सहा सुया तर कालच्या मेलने डबीसकट परत गेल्या. इथे काय आहे?
मो.बाई उठून बसली होती. पानांकडेच पाहत होती.
"मिटली नं?"
तेव्हा कळलं.
कमरेची चंची काढून तिने मांडीवर ठेवली. चुन्याच्या कप्प्यात सुई. ताप चढला त्या रात्री उजव्या दाढेने दोरा तोडून सुई उपसली म्हणाली. "तूच सांगितलं का आत फुटून राहिलं, थांबत नाही. मले ऐकू येत होतं रे. रातभर. एक तरी काढतो म्हटलं. मग फेकाले गेली तं भेव लागलं, कोनाच्या पायात जाईन. मग त्या बाईले पकडलं तं..."
मी ओरडलो. वॉर्डात, सगळ्यांसमोर. "कमरेला बांधून ठेवली? किती दिवस?"
ती म्हणाली, "नालीत भेटली म्हन नं, नाम्या. तुह्या पाया पडतो."
मोठी बहीण माझ्या पाया पडते म्हणाली.
चिमट्याने सुई उचलून दवाखान्यातल्या शिशाच्या भांड्यात टाकली. डॉ. बाईंनी विचारलं, कुठे सापडली? मी खरं सांगितलं. नालीतच म्हटलं असतं तर सुकवारोवरची चोरी पुसली गेली असती, हलगर्जी चिकटली असती. तेवढाच विचार केला. चांगलं केलं की वाईट, ते...

५ सप्टेंबर
सुकवारोच्या नवऱ्याला सोडलं. डॉ. बाई स्वतः तिच्याकडे गेल्या, कामावर ये म्हणाल्या. ती नाही म्हणाली. धानाच्या गिरणीत लागणार आहे.
मो.बाई माझ्याशी बोलत नाही. सौ.च्या हातून पेज घेते.

८ सप्टेंबर
भाटवे आले. कुठून तरी ऐकलं होतं. दारातच, "आमाले चोर ठरवलं तू. चार गावात तोंड दाखवाची सोय नाही ठेवली." मी म्हणालो, चोर नाही, भ्याली ती. "मंग तेच सांगाचं होतं." कोणाला सांगणार, आणि कोण ऐकणार?
घेऊन गेले. कमरेवर तांबूस डाग आलाय, बोटाएवढा. डॉ. बाई म्हणाल्या, तो फुटून जखम होईल. तेल, हळद काही लावू नका. भाटव्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

२० सप्टेंबर
वर्गात विजेचा धडा. पोरांना विद्युद्दर्शक दाखवायचा होता. कपाटातून काढला नाही. पुस्तकातली आकृती फळ्यावर काढली.

३ ऑक्टोबर
सालेकशाला जाऊन आलो. कमरेचा डाग फुटलाय. चिघळलेला नाही, पण भरतही नाही. लुगडं टेकलं की दुखतं. गाल मात्र उतरलाय. समोरून पाहिलं तर जुनी मोठीबाई. भाटवे गोठ्यातून आलेच नाहीत.
ती माझ्याशी बोलली. एवढंच, "पोळ्याले तुले पुरनाची पोळी नाही भेटली या साली."
परतीच्या गाडीत डोळे पुसले. समोर बसलेल्या माणसाने विचारलं, कोळशाचा कण गेला काय? हो म्हणालो.

७ नोव्हेंबर
धान कापणीला आलं आणि ती आली. एकटी. भाटवे नाही म्हणाले होते, तरी आली.
डॉ. बाईंनी पाहिलं. गालाचा पुढचा भाग सुकलाय. मागे, जिथे सातवी सुई होती, तिथे पुन्हा कडक लागतं. म्हणाल्या, "तिथला डोस पुरा पडला नाही. पुन्हा सुया लावाव्या लागतील. हमी देत नाही."
मी विचारलं, शक्यता किती? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अशा शंभर बाया आणल्या तर काही सांगेन. या एकीचं कसं सांगू, मास्तर?"

८ नोव्हेंबर
मो.बाई म्हणाली, मले त्या बाईच्या घरी ने. नेलं. गिरणीमागची वस्ती. सुकवारो दारात सूप घेऊन पाखडत बसलेली. मो.बाई उभीच राहिली. मी काही बोलायला गेलो तर हाताने गप्प केलं.
"माह्या पायी तुह्या घरात पुलीस आले. मले भेव लागलं होतं."
सुकवारोने सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडता म्हणाली, "दीदी, तुम बीमार हो, इसलिए कुछ नहीं कहती. अच्छी हो जाओ, फिर कहूँगी."
परत येताना मो.बाई म्हणाली, "बराबर बोलली."

१२ नोव्हेंबर
सुया उद्याच्या मेलने येतात. या खेपेस डॉ. बाई रोज सकाळ-संध्याकाळ दोरे मोजणार. मो.बाईला त्यांनी विचारलं, मनाची तयारी आहे ना? ती म्हणाली, "आहे. पण नाम्याले सांगा, या बारी मले काही समजावू नोको म्हना." मग माझ्याकडे वळून, "पन उठून जाऊ बी नोको."
डॉ. बाईंना विचारलं, किती जवळ बसता येईल? म्हणाल्या, दाराशी. त्याच्या आत नाही.
शाळेतून एक स्टूल आणून दाराशी ठेवलं. मग तिच्या खाटेवर उशीला डोकं टेकून पाहिलं, तिथून स्टूल दिसतं का.
अर्धं दिसतं.