पिंपामागची बरणी

बाबा,

बाकल्याची उसळ चुलीवर झाकून ठेवली आहे, पण आधी हे वाचा. तुम्ही बोलावलेला अतिया काकडी उपटायला ट्रॅक्टर घेऊन आला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. काकडी राहणार!

सकाळी मी पॉलीहाऊसमधला एक वेल मुळासकट काढून पाहिला. नवी मुळं पांढरीशुभ्र आहेत, मुळं पोखरणाऱ्या सूत्रकृमींची एकही गाठ नाही! तो वेल ताटात ठेवलाय. आई कचरा समजून फेकेल, तिला फेकू देऊ नका. "रोगजंतू विकत आणून रानात सोडणारी फय्यूममधली ही पहिलीच शहाणी," असं चारचौघांत म्हणाला होतात ना? त्याच जिवाणूंनी तुमची काकडी वाचवली. आणखी आणायला मी बाजारात चाललेय.

आणि हो. जिवाणू वाढावेत म्हणून मी त्यांच्या पिंपात काकवी एकदाच घातली होती, तरी पिंप आपलं रोज फेसाळतच होतं. आज पिंपामागे आईची काकवीची बरणी सापडली, पार रिकामी. तोंडाला तुमचा निळा रुमाल बांधलेला. माझ्याशी अबोला धरलात आणि माझ्या जिवाणूंना मात्र गुपचूप काकवी भरवत होतात!

त्या काकवीवरून आई बिचाऱ्या वहिनीला बोल लावतेय. मी सांगितलंय, मीच संपवली. तुम्ही फक्त गप्प बसा. ते तुम्हाला छान जमतं.

तुमची रोगजंतूवाली,
राविया