घाटात वळलेल्या वाती

समा, बडोदे
१४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. बाळकृष्णमामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला घाईत नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

रोज स्कूटरवरून सावली गावच्या कारखान्यात जाऊन पाठ गेली. आता गाडी घ्यायचं ठरलं आहे. दोन बघून ठेवल्या आहेत. एक साधी पेट्रोलची. दुसरी हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. पण कंपनी हायब्रिड फक्त स्पोर्टी मॉडेलमध्ये देते. काळं छप्पर, लाल पट्टे, आणि किंमत बरीच वर. बाबा म्हणतात, साधी घेऊन सीएनजी बसव. शेजारचे रणवीरभाई रोज जिन्यात अडवून ॲव्हरेज विचारतात आणि पैसा वसूल नहीं थाय, असं सांगून वर जातात.

माझं खरं कारण मी त्यांना सांगितलेलं नाही. दर भाऊबीजेला तुम्ही बडोद्याला येता. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे येणार नाही. आईला गाडी किती लागते ते तुम्ही जाणताच. पुढच्या सीटवर मान ताठ, डोळे मिटलेले, नाकाशी लिंबू, तरी हालोलपर्यंतही धड जात नाही. मग सापुतारा घाट ओलांडून वणीला कशी येणार? ऐकतो की हायब्रिड संथ चालते, गिअरचे झटके बसत नाहीत. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालावेत का? मला रात्रंदिवस हाच घोर आहे. चूक झाली तर हप्ते भरताना रोज ती समोर उभी राहील.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो घाटाच्या अलीकडेही पोहोचत राहो.

आपला,
निहार

◆

वणी
२३ सप्टेंबर २०२५

चि. निहार यास,
अनेक आशीर्वाद.

पत्रात एकही खाडाखोड नाही, म्हणजे तू ते दोनदा उतरवून काढलं असणार. गाडीसुद्धा दोनदा घेणार आहेस का?

माझं ऐक, साधी घे. जास्तीचा पैसा लाल पट्ट्यांत जातो. तू सावलीला कामाला जातोस, शर्यतीला नाही. तुझी मंदाकिनीमामी म्हणते, निहारने स्पोर्टी गाडी घेतली तरी तो बैलगाडीला आधी वाट देईल.

आणि नयनाला घाटात घालू नकोस. मागे आली होती तेव्हा संध्याकाळपर्यंत उशीतून डोकं वर काढलं नव्हतं. तिला ओवाळता आलं नाही, मीच तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत बसलो. तशी भाऊबीज मला नको. या वर्षी चुकली तर चुकली. हे लिहायला सोपं गेलं असं समजू नकोस.

तुझ्या आईवर आहे तेवढीच माया तुझ्यावरही आहे, हे ध्यानात असू दे.

तुझा,
बाळकृष्णमामा

◆

समा, बडोदे
६ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून साधीच घ्यायचं ठरवलं होतं. तेवढ्यात शोरूमचा समरजित हायब्रिड घेऊन दारातच आला. आईही बसली. त्याने ऐट दाखवायला स्पोर्ट मोडचं बटण दाबलं आणि सावली रोडवर गाडी अशी उसळवली की मंजुसरला आईला उलटी झाली. बिचारा समरजित तिच्यापेक्षा पांढरा पडला. मी मनात म्हटलं, मामा बरोबर होते. सुटलो एकदाचा.

पण घरी तर परतायचं होतं. आई सोडा पिऊन सावरली. मी ते बटण बंद केलं आणि स्वतः चालवायला बसलो, माझ्या पद्धतीने, म्हणजे समरजितच्या मते अंत्ययात्रेच्या वेगाने. गर्दीत इंजिन आपोआप गप्प होई आणि गाडी मोटरवर नुसती सरकत राही. जरा वेळाने बाजूला पाहिलं, तर आई मान खाली घालून वाती वळत होती! गरब्याच्या आरतीसाठी घेतलेला कापूस तिच्या पिशवीत होता, हात आपोआप लागले असणार. चालत्या गाडीत तिने खाली पाहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी नजर पुन्हा रस्त्यावर नेली आणि वेग तोच ठेवला. बोललो असतो, तर आपल्याला गाडी लागते हे तिला आठवलं असतं.

दुसऱ्याच दिवशी पैसे भरले. रणवीरभाईंना अजून सांगितलेलं नाही. सपाट रस्ता झाला, घाट बाकी आहे. निघताना उशी आणि पट्टी बरोबर घेईन. तुम्हीही तयार ठेवा. आणि घाट पार होईपर्यंत आमच्यावरची माया जरा जास्तच असू द्या.

आपला,
निहार

◆

वणी
२८ ऑक्टोबर २०२५

चि. निहार यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक शाबासकी जास्तीची.

बडोद्याला सुखरूप पोहोचल्याचं कळलं. इथे तू घाईत होतास, म्हणून राहिलेलं लिहितो.

त्या दिवशी तुमची गाडी दारात आलेली मला ऐकू आली नाही ते सोड, मंदाकिनीलाही कळलं नाही. ती उशी झटकत ओसरीवर आली, तर नयना स्वतःच्या पायांनी फाटक उघडून आत येत होती! आणि आल्या आल्या म्हणाली की भूक लागली आहे. मंदाकिनीने घाईघाईने पोहे टाकले, तर बाईसाहेबांनी दोनदा मागून घेतले. चढावर इंजिन जरा बोललं, पण एक झटका नाही, हे ती गावभर सांगून आली. मग पिशवीतून डबी काढली. निरांजनात तिने घाटात वळलेल्या वाती लावल्या आणि मला ओवाळलं. मी गुडघा लांब करून, राजासारखा पाटाऐवजी खुर्चीवर बसलो होतो.

गाडीबद्दल माझं मत विचारलं होतंस. लाल पट्टे मला अजूनही आवडलेले नाहीत. बाकी मी हरलो, आणि हरून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. रणवीरभाईंना माझ्या नावाने खुशाल सांग, वसूल झाली.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल, तू पुढे बघून चालवत होतास. इथून निघताना नयना कधी मागे वळून पाहत नसे. लग्नानंतर जीपमधून गेली तेव्हाही नाही. वळलं की तिला मळमळे, म्हणून डोळे मिटून सरळ बसायची, आणि मी धूळ बसेपर्यंत तिच्या पाठमोऱ्या अंबाड्याला हात करत राहायचो. या वेळी तिने काच खाली केली, मान मागे वळवली, आणि देवळाच्या वळणापर्यंत माझ्याकडे पाहत हात हलवत राहिली.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढाच मला झेपत नाही.

तुझा,
बाळकृष्णमामा