फाटकाजवळच्या वाफ्यासह घर

मी, खाली सही करणारी, बस आणि मोटारींच्या गाद्या शिवण्यात हयात घालवलेली बाई, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हातात सदा गादी शिवायची जाड सुई असायची म्हणून डेपोत आणि गल्लीत मला दाभणबाई म्हणतात. कोणाला शंका आली तर गल्लीत विचारावे. मी शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी खात्री करून घ्यायला आजचा वार विचारला. तो मी सांगितला आणि त्यांच्या खुर्चीची गादी डावीकडे बसली आहे, हेही सांगितले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणील असा माणूस अजून जन्मायचा आहे.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घर मुलाच्या नावे होते. ते आता रद्द समजावे. का रद्द केले ते पुढे येईल, वाचणाऱ्याने घाई करू नये.

कलम पहिले. माझी माणसे. नवरा बस चालवत असे. सीटची स्प्रिंग टोचते अशी तक्रार घेऊन तो आमच्या शिवणखात्यात आला. स्प्रिंग बदलून झाली तरी येत राहिला, तेव्हा तक्रार स्प्रिंगची नव्हती हे सगळ्या खात्याला कळले. तो जाऊन बराच काळ लोटला. थोरला मुलगा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. धाकटी मुलगी चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली. तिचा नवरा, म्हणजे माझे जावई, चष्म्याच्या दुकानात काचा घासतात आणि याच घरात राहतात. लग्नानंतर दोघे इथेच आले, कारण त्यांची भाड्याची खोली दोघांना अपुरी होती आणि हे घर एकट्या बाईला खायला उठत होते.

कलम दुसरे. बँकेतली सगळी शिल्लक आणि माझा गळ्यातला दागिना मुलाला द्यावा. जाड कापडाचे शिलाई मशीन, दाभणे, कात्र्या आणि उरलेले रेक्झिन शिवणखात्यातल्या माझ्या जुन्या जोडीदारणीला द्यावे. तिने एकदा माझी मोठी कात्री कागद कापायला घेतली होती. त्या दिवसापासून कात्रीही बोथट झाली आणि आमचे बोलणेही. आता कात्री तिचीच होणार असल्याने तिने हवे ते कापावे, माझी हरकत नाही.

कलम तिसरे. फाटकाजवळचा वाफा. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या घरात एवढे भांडण दुसऱ्या कशावरूनही झालेले नाही.

नवऱ्याने शेवटच्या थांब्यावरच्या चौकीदाराकडून लाल लिलीचे कांदे मागून घेतले आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यातून घरी आणले. वाफा भरायला त्याला काही वर्षे लागली. लिलीचा कांदा फुलून झाला की पाने टाकतो आणि कितीतरी महिने जमिनीखाली झोपून राहतो. वर नुसती माती दिसते. ज्याला हे माहीत नाही त्याला वाफा ओसाड वाटतो.

मुलीच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी सुनेच्या बाळंतपणासाठी मुलाकडे गेले होते. मागे जावयांनी सासूला खूश करायचे मनावर घेतले. मुलगी कामावर गेल्यावर त्यांनी सुट्टी काढून वाफा खणला. मी परत आले तेव्हा हातातली पिशवी खाली न ठेवता फाटकातच उभी राहिले. वाफ्यात शोभेच्या गवताचे झुबके ओळीने उभे होते.

"आई, कुणीतरी इथे सडके कांदे पुरून ठेवले होते," जावई म्हणाले. "पोतंभर निघाले. कचरागाडीला देऊन टाकले. आता बघा कसं छान दिसतंय."

"ते सडके नव्हते, जावईबापू. झोपले होते."

त्यांनी मुलीकडे पाहिले. ती माझ्या हातातली पिशवी घेऊन आत गेली. दिवसभर लोकांना नीट दिसावे म्हणून काचा घासणाऱ्या माणसाला पोतंभर कांदे दिसू नयेत, असे मी तेव्हा बोलले आणि पुढे अनेकदा बोलले. ते मी इथेही मागे घेत नाही.

कलम चौथे. लिली श्रेष्ठ की गवत, याचा निकाल. मुलगी म्हणायची, तुम्हा दोघांना चहाबरोबर बिस्किटे नकोत, वाद पुरतो. दोन्ही बाजू मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते. न्यायाधीश मीच आहे.

लिली फुलली की रस्त्यावरचा माणूस थांबतो. एका दांड्यावर तीन-चार फुले, आणि लाल असा की आमच्या खात्यात त्या रंगाचे रेक्झिन कधी आले नाही. पण तिचा बहर आठवडा-दोन आठवड्यांचा. मग पाने लोळतात, गोगलगायी येतात, पाणी साचले तर कांदा खरोखरच सडतो.

गवताला पाणी कमी लागते. बारा महिने ते वाफा झाकते आणि मागच्या भिंतीची भेगही झाकते. तुरे आले की जांभळट दिसतात आणि वारा नसतानाही हलतात, ते कसे हे मला आजवर कळलेले नाही. पण थंडी सरताना ते मुळापाशी छाटावे लागते. आळस केला तर वाफ्यात केरसुण्या उभ्या केल्यासारखे दिसते. शिवाय गल्लीतली सगळी मांजरे त्यात झोपतात.

"आई, तुमची लिली म्हणजे पाहुणी," जावई म्हणायचे. "चार दिवस मिरवते आणि गायब."

"पाहुणे येतात म्हणून तर घर झाडलं जातं," मी म्हणायचे. "तुमचं गवत म्हणजे भाडेकरू. बसलं की उठतच नाही."

हा वाद मिटवला तो मुलीने. आजारपणात ती ओसरीवर खुर्ची टाकून बसायची. एक दिवस तिने नवऱ्याला रोपवाटिकेत पाठवून लाल लिलीचे कांदे आणायला लावले आणि खुर्चीवरून बोट दाखवून दाखवून गवताच्या पुढे एक ओळ लावून घेतली. "कांदे झोपले की गवत दिसेल," ती म्हणाली. "गवत छाटलं की कांदे वर येतील. आता दोघांनीही गप्प बसा."

कांदे फुलले तेव्हा ती नव्हती. त्या सकाळी जावई दूध आणायला निघाले आणि फाटकापाशीच थांबले. मी मागून गेले. आम्ही दोघेही रडलो. त्याला साक्षीदार नाहीत, पण ते खरे आहे.

तेव्हा निकाल असा: फूल म्हणून लिली श्रेष्ठ, यात तिळमात्र बदल नाही. वाफ्याला मात्र दोन्ही लागतात. डॉक्टरांना हे ऐकवले तर ते म्हणाले, म्हणजे मुलगा लिली आणि जावई गवत. मी त्यांना म्हटले, तुम्ही रक्तदाब बघा.

कलम पाचवे. घर. मला ऐकू कमी येते म्हणून फोन मी मोठ्या आवाजावर ठेवते. गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला, तेव्हा जावई स्वयंपाकघरात भांडी विसळत होते.

"आई, ते अजून तिथे का राहतात?" मुलगा म्हणाला. "ती गेली, मूलबाळ नाही. उद्या तुझं काही झालं तर ते घर सोडणार नाहीत. आत्ताच सांगून टाक त्यांना. घर विकू, तू इकडे ये."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.

मुलगा वाईट नाही. आईची काळजी त्यालाही आहे, पण लांबून काळजी करणाऱ्याला घर तेवढे दिसते, घरातले दिसत नाही. मी घसरून पडले तेव्हा जावई मला रोज न्हाणीघराच्या दारापर्यंत धरून नेत आणि मला संकोच वाटू नये म्हणून बाहेर उभे राहून मोठ्याने वर्तमानपत्र वाचत. हवामानाच्या अंदाजासह.

म्हणून मी ठरवून लिहिते की हे घर, ओसरी, पाण्याची टाकी आणि फाटकाजवळचा वाफा हे सगळे माझ्यानंतर पूर्णपणे माझ्या जावयांचे. ही त्यांना केलेली दया नाही. ते मुलीमुळे या घरात आले. ती गेली म्हणून ते परके झाले, असे मी मानत नाही. त्यांनी दुसरे लग्न केले तरी घर त्यांचेच राहील. किंबहुना त्यांनी ते करावे, वय आहे. मुलाने रागवायचे तर चार दिवस रागवावे आणि मग इथे राहायला यावे. त्याची खोली त्याच्यासाठी ठेवा अशी अट मी घातलेली नाही, कारण न सांगताही ती ठेवली जाईल.

अट एकच. कांदे झोपले की त्या जागी काठ्या रोवून ठेवाव्यात. एवढा विश्वास मी त्यांच्यावर अजून टाकलेला नाही.

कलम सहावे. त्या फोननंतर जावई चहाचे दोन घोट घेऊन उठू लागले. वाद नाही, काही नाही. परवा त्यांच्या पलंगाखाली बांधलेली ट्रंक दिसली. काल कोपऱ्यावरचे डेअरीवाले दाराशी आले.

"बाई, तुमचे जावई माझी वरची खोली मागतायत," ते म्हणाले. "माणूस म्हणून कसे आहेत?"

"अजिबात देऊ नका. न विचारता जमीन खणतात. पहाटे उठून शीळ घालतात. आणि एकदा घरात आले की त्यांना जाऊ द्यायचं मन होत नाही."

"कोणाचं?"

"माझं."

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. पण तोवर जावई ट्रंक घेऊन गेलेले असतील, म्हणून हे मी आज संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. एक प्रत मुलाला टपालाने जाईल. वाचून संपेपर्यंत कोणीही कप खाली ठेवून उठायचे नाही.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: गवत छाटून झाल्याचा दुसरा दिवस, गुरुवार.

सही: दाभणबाई

साक्षीदार पहिले: डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. खुर्चीची गादी तपासली, त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे डेअरीवाले. सही माझ्यासमोर झाली. वरची खोली आज सकाळी दुसऱ्याला दिली.