उजव्या फेऱ्याचे विमान

मी, विश्राम लक्ष्मण तावडे, वय एकोणपन्नास, धंदा नोकरी, राहणार छाणी, बडोदे, हे पत्र माझ्या घरच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीत दोष आहे, डोक्यात नाही, असे डॉक्टरांनीच सांगितले आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. त्यातून उठलो तर हा कागद कपाटात पडून राहील. न उठलो तर यात लिहिल्याप्रमाणे व्हावे. कोणी मला भरीस घातलेले नाही. घातले असते तर मी इतके लांब लिहिले नसते.

१. छाणीचे घर, बँकेतील ठेव, फंड आणि विमा हे सर्व माझी पत्नी सौ. स्नेहलता हिचे. तिच्यानंतर आमची मुलगी मोहना हिचे. गावाकडच्या आंब्याच्या झाडांत माझा जो हिस्सा आहे तो धाकट्या भावाने खावा. झाडांना पाणी त्यानेच घातले आहे. मी गावच्या शाळेतून निघून नोकरीला इकडे आलो, तो दिवाळीपुरताच परत जात राहिलो.

२. देव्हारा स्नेहलताकडेच राहील. मोहना पुण्यास नेते म्हणाली तर टाक न्यावेत, पण समई इथेच ठेवावी, तिची वात स्नेहलताच्या हातची आहे.

३. हत्यारे. बारीक करवत, कानशी, सोल्डरिंगचे यंत्र आणि बाल्सा लाकडाच्या फळ्या शेजारच्या प्रतापरावांनी मागू नयेत. ड्रिल मशीन त्यांच्याकडे दोन दिवसांसाठी गेले ते गणपतीपासून परत आलेले नाही. ते आता त्यांचेच समजावे. मनात काही नाही.

४. आता विमानांबद्दल. हे कलम मोठे आहे.

ही विमाने मुळात माझे वडीलधारे स्नेही जयवंतराव निंबाळकर यांची. ते रेडिओने विमान उडवीत. हातात पेटी, विमान आकाशात, आणि ते पडले की कपाशीत शिरून शोधून आणणारा मी. पुढे त्यांची नजर जाऊ लागली. करजणच्या बाजूला एकदा त्यांनी विमान वर नेले आणि मला विचारले, "विश्राम, कुठंय रे?" मी दाखवेपर्यंत ते जमिनीत घुसले होते. त्या दिवशी ते म्हणाले, "सगळी घेऊन जा. भंगारात दे."

मी ती भंगारात दिली नाहीत. आतला रेडिओ काढला, पंखात एक त्रिकोणी पट्टी बसवली, तिच्यापासून पोलादी तारांची जोडी बाहेर काढून हातात धरायच्या लाकडी मुठीला बांधली. माणसाने मध्ये उभे राहायचे, विमान त्याच्याभोवती फिरते. मूठ एका बाजूला कलवली की नाक वर, दुसरीकडे कलवली की खाली. तेलाचे इंजिन काढून विजेची मोटर घातली. तेल संपत जाते तसा इंजिनाचा आवाज आणि विमानाचा तोल बदलतो. मोटरचा सूर सारखा राहतो. विमान चढले की तो किंचित जड होतो, उतरले की हलका. जयवंतरावांना आता संपूर्ण अंधार आहे, पण तारेची ओढ हाताला लागते आणि सूर कानाला. राहिलेले मी सांगतो. त्यांच्या पाठीमागे उभा राहून, त्यांच्याबरोबर वळत, पाठीवर बोटांनी ठोकतो. उजव्या खांद्याशी ठोकले की वर, डाव्या खांद्याशी ठोकले की खाली. दर रविवारी, मैदानावर. आठवड्यात ते घराबाहेर पडतात ते एवढ्यासाठीच.

५. माझे मेहुणे, स्नेहलताचे थोरले बंधू दत्ताजीराव मोहिते, विठ्ठल मंदिरात रविवारच्या भजनाला पखवाज वाजवतात. मी मैदानावर जाऊ लागलो तसे माझे भजन सुटले. एकदा ते बघायला आले. बांधावर उभे राहून म्हणाले, "विश्रामराव, हे विमान आहे की खुंटाला बांधलेली शेळी?"

जयवंतराव उडवता उडवताच म्हणाले, "शेळी तर शेळी. पण पळून जात नाही हो!"

"आणि फिरते तेही उलटे! भजन सोडून तुम्ही उलट्या प्रदक्षिणा घालताय?"

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. राखी बांधायला स्नेहलता एकटीच जाते. शेळीचे मला वाईट वाटले नाही. दुसरे बोलणे मात्र मनाला लागले, कारण ते खरे होते. आमची सर्व विमाने डावा पंख आत, म्हणजे मधल्या माणसाकडे, ठेवून फिरतात. सगळीकडे तशीच रीत आहे.

म्हणून यंदा पावसाळ्यात मी एक विमान उलटे बांधले. तारा उजव्या पंखातून काढल्या. मोटरच्या वायरींची अदलाबदल केली की ती उलटी फिरते, इंजिनाला हे सहज जमत नाही. नाकावरचा फिरता पंखाही तसाच, उलट्या पात्यांचा मागवला. मैदानावर म्हटले, "जयवंतराव, आज उजवीकडे वळायचंय."

"मला काय, दोन्हीकडे काळोखच. चल!"

पहिल्या फेऱ्यात ते भेलकांडले, मी कमरेला धरले. मग जमले. देवळात प्रदक्षिणेला माणसे फिरतात तसे विमान फिरले.

६. ते पिवळे, उजव्या फेऱ्याचे विमान मी दत्ताजीरावांना देत आहे. त्याबरोबर जयवंतरावांच्या पाठीमागची माझी जागाही. ज्याचे बोट गाणाऱ्याचा नुसता गळा हलताना पाहून सम गाठते, त्याला वर-खाली शिकवायला नको. भजन बुडणार नाही. आरतीनंतर जावे. तोवर वारा थोडा वाढतो, पण जयवंतरावांनी ते मान्य केले आहे. विजेच्या खांबांजवळ कधीही उडवू नये. बॅटरी कधी पेट घेते, म्हणून ती मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करावी, देव्हाऱ्याच्या खोलीत मुळीच नको. दत्ताजीराव नाही म्हणाले तर त्यांना दोष देऊ नये. विमान जयवंतरावांच्या खोलीत हाताला लागेल असे टांगावे.

७. माझे सुतक स्नेहलताला, भावाला, घरातल्या सर्वांना असेल. त्यांना दहा दिवस कुठे जाता येणार नाही. मेहुण्याला ते लागत नाही. तेव्हा माझ्यामागून जो पहिला रविवार येईल त्या दिवशी मोकळे असे दत्ताजीरावच. जयवंतराव टोपी घालून ओट्यावर बसलेले असतील. मी गेलो हे कळले असले तरी बसतील. दत्ताजीरावांनी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवावा. काही बोलले नाही तरी चालेल.

वरील मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, आणि बदलण्यासारखे काही सापडले नाही. जयवंतराव साक्षीला येतो म्हणून हटून बसले होते. वकील म्हणाले, सही करताना डोळ्यांनी पाहणारा माणूस लागतो. त्यावर ते म्हणाले, "याचा हात मला पाठीवरून कळतो. बघायचं काय त्यात?" तरी कायद्यासाठी डोळस साक्षीदार घेतले आहेत.

स्थळ : छाणी, बडोदे
दिनांक : २१ नोव्हेंबर २००८

(सही) विश्राम लक्ष्मण तावडे

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :

१. (सही) इंदिराबाई केशव राजे, निवृत्त शिक्षिका, छाणी
२. (सही) प्रतापराव सयाजी जगदाळे, शेजारी, छाणी. ड्रिल मशीन आज परत केले आहे.