आठवी ताटली

शौग्वांग,
आठव्या महिन्याचा अठरावा दिवस

प्रिय लानताई,

फोन सोडून कागद घेतला म्हणून घाबरू नकोस, आई बरी आहे. आत्ता अंगणात बुटक्या स्टुलावर बसून लसूण सोलते आहे आणि मधूनच मला विचारते आहे, "एवढं काय खरडतेस? परीक्षा आहे का तुझी?" मी सांगितलं, तुझ्या नानशिंगला ठेचलेली काकडी कशी करायची ते लिहून देते आहे. ते खोटं नाही. पण तेवढंच असतं तर मी नानशिंगला फोनवरच सांगितलं असतं, नाहीतर पत्रावर तिचं नाव घातलं असतं, तुझं नाही.

तुझ्या लेकीचा परवा फोन आला होता. हॉस्टेलवरच्या मैत्रिणी तिला चिडवतात म्हणे, "तुझं आजोळ काकड्यांच्या शौग्वांगचं आणि तुला साधी काकडी येत नाही?" मला म्हणाली, "मावशी, आईला विचारलं तर ती म्हणते, लहानपणापासून काकड्याच तोडल्या, आता माझ्यापुढे तिचं नाव काढू नकोस. तूच सांग ना, आजी कशी करते?" तिचा आवाज अगदी तुझ्यासारखा आहे गं. तोंडाने विचारतेय की हुकूम सोडतेय, कळत नाही.

तर ऐक, आणि तिला सांग. काकडी काटेरी हवी, टोकाचं फूल सुकून नुकतं गळायला आलेलं. धुऊन पुसून फळीवर आडवी ठेवायची आणि सुऱ्याच्या रुंद पात्याने वरून एकच घाव घालायचा. कापायची नाही. कापलेल्या काकडीला मसाला नुसता चाटून जातो, फुटलेलीच्या आत शिरतो. आईने आपल्याला शिकवलं तेव्हा तू बाराची होतीस आणि मी सहाची. तू सगळं बळ लावून सुरा आपटलास, अर्धी काकडी उडून बाबांच्या चहात पडली, आणि बाबा ती चहातून काढून खाऊन मोकळे झाले. आई म्हणाली होती, "घाव राग काढायला नाही घालायचा. तिला उघडायचं आहे फक्त." मग हाताने तुकडे, मीठ, चिमूटभर साखर, दहा मिनिटं थांबायचं आणि सुटलेलं पाणी ओतून द्यायचं. खलात मीठ घालून कुटलेला लसूण, काळं व्हिनेगर, तिळाच्या तेलाचे चार थेंब. तुमच्याकडे हुनानमध्ये वरून लाल तिखट तेल ओतत असतील, ओता बापडे. पण एक मात्र तिला बजाव, की हा पदार्थ आधी करून ठेवायचा नाही. पाहुणे बसायला लागले की ठेचायचा. नाहीतर पाणी सुटून सगळा बेचव होतो.

आता घरचं सांगते. सोंगने उत्तरेकडच्या हरितगृहाचं प्लास्टिक बदललं. थंडीसाठी छपरावर पसरलेल्या गवताच्या चटया पहाटे हाताने गुंडाळताना आपली कंबर मोडायची, आठवतं? आता बटण दाबलं की मोटर गुंडाळते. आईला ते आवडत नाही, म्हणते, "माणूस आळशी झाला की काकडीला कळतं." सोंग तिचं सगळं ऐकून घेतो. गावात कुणी घरजावई म्हणून त्याची चेष्टा केली, की हा आपणच सांगतो, "मी या घरची सून आहे, आणि सासू अजून किल्ल्या देत नाही." आई तोंड फिरवून हसते. तिच्या हसण्यात आता वरच्या दोन दातांची जागा रिकामी दिसते.

नवव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी तिला त्र्याहत्तरावं लागतं. आपल्याकडे ते घाताचं वर्ष कसं दबकत काढतात, ते तुला सांगायला नको. लेकीने जिवंत मासा आणायचा, आईने तो खायचा, म्हणजे माशासारखी उडी मारून ती वर्ष ओलांडते. मी गेल्याच आठवड्यात चांगला हातभर लांब मासा आणला. आईने त्याला टबात सोडून दिलं आणि म्हणाली, "मासा थोरलीने आणायचा असतो." मी म्हटलं, मग बोलव ना तिला. तर म्हणते, "बोलवायला ती काय पाहुणी आहे? तिला दिवस ठाऊक आहे." तेव्हापासून मासा टबात फिरतो आहे, आणि सोंग रोज सकाळी त्याला विचारतो, "काय राव, आमच्या मेहुणीची काही खबर?"

ताई, मला तू त्या दिवशी यायला हवी आहेस. नुसती यायला नाही, बसून जेवायला. तेवीस वर्षांत तू या घरात अन्नाचा कण तोंडात घातलेला नाहीस. बाबा गेले तेव्हा आलीस, तीन दिवस राहिलीस, सगळं केलंस, पण जेवणाच्या वेळी उठून फाटकाशी जायचीस आणि थर्मासमधलं गरम पाणी पीत उभी राहायचीस. आई खिडकीतून बघायची. तिने तुझ्यासाठी वेगळा वाफवलेला पाव ठेवला होता, फडक्यात गुंडाळून. तू गेल्यावर तो दगडासारखा झाला, तरी चार दिवस तिने तो फेकू दिला नाही. त्यानंतरही तू दर हिवाळ्यात लोकरीचं जाकीट पाठवतेस, चहा पाठवतेस, आणि आई ते जाकीट घालून गावभर फिरते, "आमच्या थोरलीने पाठवलं," म्हणत. तुमचं भांडण आहे असं कुणाला सांगून खरं वाटणार नाही. पण तिच्या हातचं तू खात नाहीस, आणि ते तिला रोज जेवताना आठवतं. ती बोलत नाही. मी समोर बसलेली असते, मला दिसतं.

त्या दिवसाचं मला आता लिहायलाच हवं. तिसरा महिना होता. भावजींचा भाजीचा ट्रक फाटकाबाहेर उभा होता, हुनानचा नंबर लिहिलेला, आणि अर्धं गाव तो बघून गेलं होतं. बाबांना हे लग्न नको होतं. दीड हजार किलोमीटर दूरचा मुलगा, त्यात भात खाणारा. पण आईने त्यांचा आठ दिवस पिच्छा पुरवला होता आणि शेवटी ते म्हणाले होते, "येऊ दे, बघतो. बघायला काय जातंय." म्हणजे ते कबूलच झाले होते ताई. तुला ते कधी कळलं नाही. आईने आठ पदार्थ ठरवले, चार थंड, चार गरम, लग्नाच्या बोलणीला शोभतील असे. पहाटेपासून ती चुलीपुढून उठली नव्हती. आतल्या टेबलावर बाबा, थोरले काका, भावजी आणि तू. आई आपल्याकडच्या रीतीप्रमाणे स्वयंपाकघरात, शेवटची थाळी जाईपर्यंत बाहेर न येणारी. मी ताटल्या नेत होते.

भावजींनी आल्याआल्या तिखट मागितलं आणि बाबा म्हणाले, "आमच्याकडे तिखट म्हणजे लसूण." सगळे हसले. मला अजून ऐकू येतं ते हसणं. मग बऱ्याच वेळाने, कोंबडी आली, मासा आला, अंडं आलं, तेव्हा काकांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. त्यांनी नुसतं बोटाने एकेक ताटली मोजली आणि बाबांना म्हणाले, "धाकट्या, सातच?"

सात ताटल्या आपल्याकडे केव्हा मांडतात, ते शेंबडं पोरही सांगेल. माणसाला पोचवून आल्यावर. बाबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, आईने मुद्दाम केलं. वरून हो म्हणून आतून नाही म्हणाली. ते म्हणाले, "आहे ते जेवा." आणि तुला वाटलं, दोघांचं ठरलेलं आहे. भावजी बिचारे मासा चांगला झालाय म्हणून सांगत होते.

तू स्वयंपाकघरात गेलीस. मी दारातच होते. तू ओरडली नाहीस. हळू आवाजात म्हणालीस, "आई, जिवंत माणसापुढे सात ताटल्या मांडल्यास?" आईने तुझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे. फळीवर सुरा होता, काकडीच्या बिया चिकटलेल्या होत्या, लसणाचा खल रिकामा होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाला व्हिनेगरचा वास येत असणार. एवढंच, ताई. ते बघणं एका श्वासाएवढं होतं. आणि ती तुला म्हणाली, "मोजायला चुकले मी."

आई मोजायला चुकत नाही. तुला ते माहीत होतं म्हणूनच तू विश्वास ठेवला नाहीस. तू तशीच बाहेर गेलीस, भावजींना उठवलंस, आणि ट्रक वळताना फाटकाचा खांब खरचटला. परवा खांब रंगवला, तोवर तो ओरखडा होता.

आठवी ताटली काकडीची होती आणि ती माझ्याकडे होती. आईने मला सांगितलं, "आता ठेच आणि घेऊन जा." मी ठेचली. सगळं तिने शिकवलं तसंच केलं. ताटली हातात घेऊन दाराशी आले आणि आतून तुझं हसणं ऐकलं. तू आत्ताच दूर निघून गेल्यासारखी हसत होतीस. ताई, दोन मुली, मुलगा नाही, घर कुणीतरी धरायचं होतं आणि ते तू धरणार असं सगळे लहानपणापासून म्हणत आले होते. तू गेलीस तर मी. तीन महिन्यांवर माझी प्रवेशपरीक्षा होती. मला जिनानला जायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं, याहून मोठं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मी मागच्या दाराने बाहेर पडले, हरितगृहाच्या भिंतीशी गवताच्या चटयांची गुंडाळी होती, तिच्यामागे बसले आणि ती सगळी काकडी खाल्ली. काकडी चावताना केवढा आवाज होतो! कुणी ऐकेल म्हणून मी एकेक तुकडा तोंडात धरून मऊ होईस्तोवर थांबत होते. विसरले नव्हते, सांडली नव्हती. मला माहीत होतं सात उरतील म्हणून. बोलणी मोडतील, तू राहशील, एवढाच माझा हिशेब होता. बाकी काही मोडेल असं अठराव्या वर्षी सुचलं नाही.

बोलणी मोडली नाहीत. तू गेलीस आणि परीक्षेला मी बसलेच नाही. बाबा त्या उन्हाळ्यात हरितगृहात एकटे काम करत होते, ते बघून मला अभ्यासाला बसवेना. पुढे सोंग आला. तो चांगला आहे, माझी काही तक्रार नाही, आणि हे मी तुला माझी दया यावी म्हणून लिहीत नाही. आई आणि बाबा त्या ताटलीवरून दोन वर्षं एकमेकांशी नीट बोलले नाहीत. बाबा अखेरपर्यंत समजत राहिले की तिनेच केलं. आईने त्यांनाही सांगितलं नाही.

मलाही ती कधी काही म्हणाली नाही. गेल्या आठवड्यात, मासा टबात सोडला त्या दुपारी, मीच तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, आई, मी ताईला सगळं लिहिते. तिने हातातली लसणाची पाकळी सोलून पूर्ण केली. मग म्हणाली, "नको. ती माझ्यावर रागावलीय ना, राहू दे. मी म्हातारी आहे, माझ्याबरोबर तो राग जाईल. तुझ्यावर रागावली तर मी गेल्यावर तुम्ही दोघी कुणाकडे जाल?" तेवीस वर्षं तिने हे एवढ्यासाठी अंगावर वागवलं, आपण दोघी एकमेकींना उराव्या म्हणून. आणि मी ते वागवू दिलं. प्रत्येक नव्या वर्षाला फोनवर तुझ्याशी गोड बोलले, आणि फोन ठेवून तिच्या पुढ्यात जेवायला बसले.

म्हणून तिचं न ऐकता हे लिहिते आहे. तुझा राग चुकीच्या दारात उभा आहे, त्याला माझ्या दारात आण. मला माफ कर असं मी म्हणणार नाही, तो प्रश्न तुझा आणि त्याला हवा तेवढा वेळ घे. फक्त आईकडे तेवढा वेळ आहे की नाही, मला माहीत नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर तेही मी ठरवलं आहे. सोंगच्या आईकडे नवव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी सकाळी आम्ही जातो आहोत आणि आठव्याला परततो. आईला सांगितलंय, तिकडे शेंगदाणे काढायचे आहेत. ती एकटीच घरी असेल, दुपारी झोपत नाही, फाटक नुसतं लोटलेलं असतं. तू आलीस की ती आधी विचारेल, "जेवलीस का?" ताई, नाही म्हण.

तुझीच,
युएलिंग